पॉइंटर कळला का, ते विचारा

सत्र संपत आलं की सातारा-सांगलीतल्या कितीतरी कॉलेजांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप फिरतो: फीडबॅक भरा, नाहीतर हॉलतिकीट निघणार नाही. सीआर दोनदा टाकतो, तिसऱ्यांदा एचओडी सरांचं नाव घालून टाकतो. मग कँटीनमध्ये, एसटीच्या रांगेत, होस्टेलच्या कॉटवर पडल्या पडल्या मुलं मोबाइल उघडतात आणि सहा विषयांच्या सहा शिक्षकांचा निकाल मिनिटाभरात लावतात. सगळ्यांना पाच, नाहीतर सगळ्यांना चार. ज्या विषयानं सत्रभर छळलं, त्या एकाला दोन. पहिल्या वर्षाला तो विषय बऱ्याचदा प्रोग्रामिंगचा असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा शिक्षकाबद्दल फारसं काही सांगत नाही आणि मुलांना काय आलं याबद्दल तर काहीच सांगत नाही. अशा आकड्यावर कुणाची बढती, कुणाची पुढच्या वर्षीची नेमणूक टांगून ठेवणं हा अन्याय आहे. विद्यार्थ्याचं मत मात्र घ्यायलाच हवं. पण ते वेळेत घ्यावं, नीट प्रश्न विचारून घ्यावं आणि त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवून घ्यावं.

बाकीचे विषय सोडून प्रोग्रामिंगचीच बाजू मांडायला कारण आहे. गणित, भौतिकशास्त्र मुलाच्या ओळखीचं असतं; आवडो न आवडो, दहा-बारा वर्षांची सोबत असते. प्रोग्रामिंग अनेकांना पहिल्यांदाच भेटतं. जत, आटपाडी, माण, पाटणकडच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा सीईटी देतो, सांगलीच्या वालचंदला किंवा कऱ्हाडच्या सरकारी कॉलेजात नंबर लागतो, घरी पेढे वाटले जातात. आणि पहिल्याच महिन्यात पडद्यावर इंग्रजीतून चुकांची यादी येऊन उभी राहते. एक सेमीकोलन राहिला, त्याच्या पाच-सहा चुका. सिव्हिलला किंवा मेकॅनिकलला प्रवेश घेतला म्हणून सुटका होत नाही. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने जानेवारी २०१८ मध्ये आणलेल्या नमुना अभ्यासक्रमात 'प्रोग्रामिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हा विषय पहिल्या वर्षाच्या सगळ्याच शाखांना ठेवला: आठवड्याला तीन तास वर्गात, चार तास लॅबमध्ये, पाच क्रेडिट. ज्याला पूल बांधायचा आहे त्यालाही ॲरे उलटा करावा लागतो. करावाच, माझा त्याला विरोध नाही. पण सक्तीच्या, नव्या आणि अवघड विषयाच्या शिक्षकाला ऐच्छिक, ओळखीच्या विषयाच्या शिक्षकाशेजारी उभं करून त्याच पट्टीनं मोजू नका. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या १४ हजारांहून अधिक वर्गांची रेटिंग्ज बॉब उटल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१७ मध्ये तपासली. आकडेमोडीचे विषय शिकवणाऱ्यांना इंग्रजीसारखे विषय शिकवणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी गुण मिळत होते. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

हा विषय अवघड आहे तो फक्त आपल्या मुलांना नाही, हेही आधी सांगून टाकतो. डेन्मार्कच्या बेनेडसन आणि कॅस्परसन यांनी २००७ मध्ये जगभरातल्या ६३ संस्थांचे पहिल्या प्रोग्रामिंग विषयाचे निकाल छापले. पास होणाऱ्यांची सरासरी निघाली ६७ टक्के. बारा वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा ७२. म्हणजे ज्यांच्या घरात लहानपणापासून संगणक आहे आणि ज्यांची भाषाच इंग्रजी आहे, अशा देशांतही दर तीन-चार मुलांमागे एक पहिल्या झटक्यात पार होत नाही. आटपाडीच्या पोरानं विषय राहिला, केटी लागली म्हणून तोंड लपवून गावी जायचं काही कारण नाही.

आता फॉर्मकडे वळू. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यातला पहिलाच प्रश्न आहे, वर्गात अभ्यासक्रम किती पूर्ण झाला? पर्याय टक्क्यांत आहेत. ८५ ते १०० सगळ्यात वर, ३० च्या खाली सगळ्यात तळाला. कॉलेजांचे स्वतःचे फॉर्मही साधारण याच वळणाचे. इतिहासाला, अकाउंट्सला हा प्रश्न कदाचित चालेल. प्रोग्रामिंगला तो घातक आहे, आणि कसा ते एका साध्या प्रॅक्टिकलवर दाखवतो.

फॅक्टोरियल काढा, हे प्रॅक्टिकल महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये असतं. ज्या लॅबमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा टर्बो सी अजून टिकून आहे, तिथे सातचं फॅक्टोरियल बरोबर येतं, ५०४०. आठ टाकलं की उत्तर येतं उणे २५२१६. मुलं चमकतात. एकापासून आठपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ऋण येईलच कसा? इथे शिक्षकासमोर दोन वाटा असतात. एक, 'इंट' खोडा, 'लाँग' लिहा, आउटपुट उतरवून घ्या, पुढचं प्रॅक्टिकल. पाच मिनिटांत काम झालं. दुसरी वाट म्हणजे फळ्याकडे जायचं. त्या कंपायलरमध्ये पूर्णांकाला सोळा बिट्सची जागा आहे, त्यात ३२७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की तो उणे आकडा मिळतो, हे मुलांकडूनच काढून घ्यायचं. मग विचारायचं, नव्या कंपायलरवर हेच कितीला फसेल? मुलं घरी जाऊन मोबाइलवर करून बघतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात की बाराला बरोबर येतं, तेराला उत्तर चुकीचं येतं पण ऋण येत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. त्या मुलांना त्या दिवशी यंत्राची मेमरी समजली आणि उत्तरावर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो हेही समजलं. यात दोन तास गेले.

सत्राच्या शेवटी पहिल्या शिक्षकाचा अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण असतो. दुसऱ्या शिक्षकाचं फाइल हँडलिंग राहिलेलं असतं. फॉर्म पहिल्याला चार देतो आणि दुसऱ्याला तीन. यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. एआयसीटीईच्या त्या नमुना अभ्यासक्रमातच फाइल हँडलिंगपुढे लिहिलं होतं की वेळ उरला तरच शिकवा, नाहीतर लॅबमध्ये करून घ्या. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना जी मोकळीक द्यावीशी वाटली, ती फॉर्म लिहिणाऱ्यांनी हिरावून घेतली. आणि त्याच अभ्यासक्रमात पॉइंटरला, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या कल्पनेला, तास होते दोन! ज्या एका कल्पनेपाशी निम्मा वर्ग अडकतो तिला दोन तास. त्या दोनाचे सहा करणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विद्यापीठानं शाबासकी द्यायला हवी. आपण त्यांना 'अभ्यासक्रम अपूर्ण' असा शेरा देतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं, तेव्हापासून कुस्तीचं कौतुक या दोन जिल्ह्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तालमीत नवीन आलेल्या पोराला पहिल्या महिन्याअखेर, अंग मोडून आलेलं असताना, वस्तादाला पाचपैकी गुण द्यायला लावले असते, तर सगळ्यात जास्त गुण कमी जोर काढायला लावणाऱ्या वस्तादाला पडले असते. प्रोग्रामिंगचा शेवटच्या आठवड्यातला फॉर्म नेमकं हेच करतो. डोकं शिणलेलं, सबमिशन डोक्यावर, ओरलची भीती, आणि अशा वेळी विचारायचं: तुम्ही समाधानी आहात का?

समाधान आणि शिकणं यांचं नातं किती तकलादू आहे, याचे पुरावे आता पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वर्ग चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जातात आणि परीक्षा सगळ्यांची एकच असते. त्यामुळे तिथली तुलना भरवशाची. कॅरेल आणि वेस्ट या दोघांनी २०१० मध्ये तिथल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल छापले. गणिताच्या पहिल्या विषयात ज्या प्राध्यापकांना मुलांनी चांगले गुण दिले, त्यांच्या वर्गाला त्या विषयात मार्कही चांगले पडले. पण पुढच्या सक्तीच्या विषयांत तीच मुलं मागे राहिली. ज्यांनी पाया खोल खणला त्यांना रेटिंग कमी मिळालं, आणि त्यांची मुलं पुढे गेली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये छापून आला. ज्यांना स्वतः झगडून गणितं सोडवायला लावली ती मुलं जास्त शिकली, पण विचारल्यावर म्हणाली की आपण कमी शिकलो. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटलं. हे वाचल्यावरही जो प्राचार्य शेवटच्या आठवड्यातली सरासरी हातात घेऊन शिक्षकाला केबिनमध्ये बोलावतो, त्याला शिकवण्याशी देणंघेणं नाही, असंच मी म्हणेन.

देणंघेणं फाइलशी आहे. नॅकच्या फाइलमध्ये फीडबॅक घेतला, त्याचं विश्लेषण केलं, कार्यवाही केली, असे टप्पे दाखवावे लागतात. कार्यवाहीच्या अहवालात 'संबंधित प्राध्यापकांना सूचना देण्यात आल्या' एवढं एक वाक्य वाचायला मिळतं. कोणती सूचना, कशाबद्दल, त्यानं पुढच्या बॅचचं काय भलं झालं? काही नाही. खरं तर नॅकच्या त्याच सर्वेक्षणातला शेवटचा, एकविसावा प्रश्न सोन्यासारखा आहे. शिकवणं-शिकणं सुधारायला तीन सूचना लिहा, असं तो विद्यार्थ्याला सांगतो. आकडे बाजूला ठेवून प्रत्येक विभागप्रमुखानं एवढं एक पान वाचलं, तरी लॅबमधलं कोणतं मशीन वर्षभर बंद आहे ते त्याला कळेल.

या आकड्याची झळ कुणाला बसते ते पाहा. एआयसीटीईच्या मार्च २०१९ च्या नियमांत शिक्षकाच्या मूल्यमापनाचे शंभर गुण आहेत, त्यातले २५ विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचे. शिकवण्यासाठीही तेवढेच, २५. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाची त्यानं बढती लांबेल. पण पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंग अनेक ठिकाणी कुणाकडे असतं? तासिका तत्त्वावरच्या किंवा वर्षाच्या करारावरच्या तरुण शिक्षकाकडे. एमटेक किंवा एमसीए झालेला, सेट-नेटची तयारी करणारा, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पैसा न मिळणारा. जूनमध्ये पुन्हा बोलावणार की नाही हे त्याला मेपर्यंत ठाऊक नसतं. त्याच्या बाबतीत साधं गणित करू. बॅच वीस मुलांची. अठरा जणांनी चार दिले, दोघांची गैरहजेरी लावली म्हणून त्या दोघांनी एक-एक दिला. सरासरी ४ वरून ३.७ वर आली. शेजारच्या बॅचचे सर ४.१ वर आहेत. या फरकाला शिकवण्यातला फरक म्हणणारा माणूस संख्याशास्त्राच्या पहिल्या पेपरात नापास व्हावा. आणि तरीही याच फरकावर नेमणुकीची चर्चा होते.

मग तो शिक्षक काय करतो? माणूस आहे, पोट आहे. तो जर्नलचे प्रोग्रॅम आयते देतो. ओरलला येणारे दहा प्रश्न आधीच सांगतो. चॅटजीपीटीवरून आणलेलं सबमिशन दिसलं तरी न दिसल्यासारखं करतो. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्स सेंटरवर मागच्या वर्षीची जर्नल मिळते हे माहीत असून बोलत नाही. रेटिंग चढतं, कॉलेजचा आलेख सुधारतो आणि पुढच्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सच्या मॅडम पहिल्याच तासाला विचारतात, लिंक्ड लिस्टसाठी पॉइंटर लागतो, कुणाला येतो? वर्ग गप्प.

बायकांचा मुद्दा वेगळा काढायलाच हवा. प्रोग्रामिंगच्या लॅबला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मॅडम असतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एका ऑनलाइन विषयाला एक पुरुष आणि एक स्त्री शिकवत होते. दोघांनी आपल्या एका-एका गटाला एकमेकांच्या नावानं शिकवलं. गृहपाठ तपासून परत दिला तो सगळ्यांना एकाच वेळी. तरी वेळेत परत मिळण्याबद्दल पुरुषाचं नाव असलेल्याला मिळाले ४.३५, स्त्रीचं नाव असलेल्याला ३.५५. गट लहान होते, पण तपासणीचा दिवस तर सगळ्यांना सारखाच होता. आपल्याकडे मोकळ्या रकान्यात मॅडमच्या आवाजाबद्दल, साडीबद्दल लिहिणारी मुलं आहेत. तशी वाक्यं मॅडमच्या हातात देणारे वरिष्ठही आहेत. ही वाक्यं आधी गाळून टाकायची जबाबदारी त्या वरिष्ठांची आहे. ती त्यांनी पार पाडावी, नाहीतर फीडबॅक गोळा करायचा अधिकार सोडावा.

फी भरली आहे, मग शिक्षकाला गुण द्यायचा हक्क नको का, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार १९८३ मध्ये उघडलं ते सांगलीच्याच वसंतदादा पाटलांनी, मुख्यमंत्री असताना. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील इंजिनिअरिंग कॉलेज आणि साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट त्याच वर्षीची. तेव्हापासून उसाच्या बिलातून फी भरणारा बाप या जिल्ह्यांत घराघरांत आहे. त्याला जाब विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण त्याचा प्रश्न 'पोरगा समाधानी आहे का' असा नसतोच. तो विचारतो, पोराला काय आलं? ४.२ हे त्याचं उत्तर नाही. कर्मवीरांनी साताऱ्यात वसतिगृहातल्या मुलांना कमवा आणि शिका असं सांगितलं, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक म्हणून वागवलं नाही. त्यांच्याकडून कष्टाची अपेक्षा ठेवली. विद्यार्थ्यावर त्याहून मोठा विश्वास दुसरा नसतो.

काय करावं हे अवघड नाही, खर्चाचं तर नाहीच. फीडबॅक सत्र चालू असतानाच घ्या, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, जेव्हा लूप होऊन गेलेत आणि फंक्शन सुरू व्हायचं आहे. कागदाचा चतकोर द्या. नाव नको, रोल नंबर नको, लॉगिन तर नकोच, कारण पीआरएन, म्हणजे आपला नोंदणी क्रमांक, टाकून उघडणाऱ्या फॉर्मला गुप्त म्हणणं ही मुलांची फसवणूक आहे. प्रश्न दोनच: कुठे अडलात? आणि काय केलं तर सुटेल? मराठीत लिहिलं तरी चालेल, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. ज्याला इंग्रजीत तीन ओळी जुळवता येत नाहीत, त्याला अडचण नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पुढच्या तासाला शिक्षकानं पाच मिनिटं सांगावं की तुम्ही असं असं लिहिलंत, यातलं हे मी बदलतो, हे बदलता येणार नाही आणि का ते ऐका. एवढं झालं की पुढच्या वेळी मुलं खरं लिहितात.

आणि शिक्षकाचा कस पाहायचाच असेल, तर त्याची मुलं पुढच्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सला काय करतात ते पाहा. कॉलेजच्या ईआरपीत ते सगळे मार्क पडून आहेत. कुणी बसून जुळवत नाही, कारण नॅकच्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही. थेट दुसऱ्या वर्षाला येणारी डिप्लोमाची मुलं वेगळी काढा, नाहीतर तुलना बिघडेल. लॅबबद्दलही विचारा. एका मशीनवर किती जण बसता? कंपायलर कोणता? प्रॅक्टिकलच्या वेळात लाइट किती वेळा जाते? या प्रश्नांची उत्तरं व्यवस्थापनाला द्यावी लागतील. ते प्रश्न आजच्या फॉर्ममध्ये का कमी दिसतात, हे वाचकांनीच ओळखावं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. दहा सेकंदांत सगळ्यांना पाच देऊन मोकळं होऊ नका. त्यानं चांगल्या शिक्षकाचं भलं होत नाही आणि वाईटाचं काही बिघडत नाही. जो तास न घेता हजेरी लावतो, जो शंका विचारल्यावर गावावरून टोमणे मारतो, त्याच्याबद्दल नेमकं लिहा, तारखेसह लिहा, चौघांनी मिळून प्राचार्यांना द्या. त्याला रेटिंग म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात, आणि तक्रार करायचा तुमचा हक्क कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे. ज्या मॅडमनी तुम्हाला उणे २५२१६ समोर तासभर बसवून ठेवलं, त्यांच्याबद्दलही लिहा. राग आला असेल तर रागाचं लिहा, पण त्या तासाला काय कळलं तेही लिहा.

आणि सातारा, कऱ्हाड, सांगलीच्या प्राचार्यांना एकच विनंती: या सत्रापासून हॉलतिकीट आणि फीडबॅक यांची गाठ सोडा, आणि करारावरच्या एकाही शिक्षकाची नेमणूक केवळ या सरासरीवर नाकारू नका. यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. हे तुमच्या सहीनं होतं.